तिसाव्या फुटावर थांबलेलं पाणी

आपल्या शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहून द्याल का, असं मुख्याध्यापिका बाईंनी फोनवर विचारलं आणि मी लगेच हो म्हणालो. सरांनी माझ्यावर सोपवलेलं एक काम १९ वर्षं राहून गेलं आहे. ते पुरं करायला याहून चांगली जागा मिळणार नाही. काम काय, ते ओघात येईलच.

सर म्हणजे आपले पदार्थविज्ञानाचे सर. नाव लिहीत नाही. ज्यांनी त्या काळात इथे नववी काढली, त्यांना नुसतं 'सर' म्हटलं तरी पांढरा शर्ट, खिशाला खडूची भुकटी आणि हातात वेताच्या छडीऐवजी मीटरची लाकडी पट्टी आठवेल. ती पट्टी मारण्यासाठी नव्हती. वर्गात कुणी 'खूप मोठं', 'बरंच लांब' असं काही म्हणालं की सर ती पट्टी त्याच्यापुढे धरत आणि म्हणत, "मोज आणि सांग."

१९७९ चा जुलै. नववी 'ब' चा वर्ग तेव्हा प्रयोगशाळेला लागून असलेल्या पत्र्याच्या खोलीत भरायचा. हवेच्या दाबाचा धडा चालू होता. पुस्तकात एक चित्र होतं: मध्ये धातूचा गोळा, दोन्ही बाजूंना जुंपलेले घोडे, आणि खाली दोन ओळी. ओटो फॉन गेरिके या शास्त्रज्ञाने दोन अर्धगोल जोडून आतली हवा काढली, ते घोड्यांनाही ओढून वेगळे करता आले नाहीत. पाठ करण्यासारखा मजकूर तेवढाच. सरांनी पुस्तक मिटलं आणि विचारलं, "हा माणूस पोटापाण्यासाठी काय करत असेल?"

कुणी म्हणालं प्राध्यापक, कुणी म्हणालं राजाच्या पदरी शास्त्रज्ञ. पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली घोड्यांचा व्यापारी. सरांना ते उत्तर सगळ्यांत आवडलं, कारण तिने चित्र बघून विचार केला होता. मग ते म्हणाले, "नगराध्यक्ष होता. मॅग्डेबर्ग नावाच्या गावाचा. तीस वर्षांहून जास्त."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. नगराध्यक्ष म्हणजे आमच्या लेखी १५ ऑगस्टला शाळेत येणारे, झेंडा फडकवणारे, स्नेहसंमेलनात बक्षिसं वाटणारे गृहस्थ. शास्त्रज्ञ म्हणजे दाढीवाले, काचेच्या नळ्यांमध्ये बसलेले. ही दोन माणसं एकाच अंगरख्यात मावतील, हे आमच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. त्या दिवशी ते आलं आणि माझ्या डोक्यातून पुढे कधी गेलं नाही. हे मनोगत त्याबद्दलच आहे.

गेरिकेची गोष्ट सरांनी आम्हाला चार-पाच ऑफ तासांत मिळून सांगितली. पत्र्यावर पाऊस जोरात वाजायला लागला की ते थांबत, कमी झाला की पुन्हा सुरू करत. त्यांनी सांगितलेलं आणि मी पुढे स्वतः वाचलेलं आता इतकं मिसळून गेलंय की वेगळं काढता येत नाही, म्हणून एकत्रच सांगतो.

गेरिके १६०२ मध्ये मॅग्डेबर्गच्या एका पिढीजात मातब्बर घरात जन्मला. लाइपझिग, हेल्मश्टेट, येना इथे शिकला. मग हॉलंडमध्ये लायडनला जाऊन कायद्याबरोबर गणित आणि तटबंदीचं शास्त्र शिकला. १६२६ मध्ये घरी परतून नगरसभेत बसला आणि बांधकामाचं खातं सांभाळू लागला. जर्मनीत तेव्हा तीस वर्षांचं युद्ध पेटलेलं होतं. २० मे १६३१ ला सेनापती टिलीच्या बादशाही फौजेने मॅग्डेबर्गचा तट फोडला. लूट, कत्तल आणि आग. सुमारे २०,००० माणसं मेली. गेरिकेचं घर लुटलं गेलं, तो कैद झाला आणि खंडणी भरून सुटला. पुढच्या वर्षी गावात उरलेल्या माणसांची मोजदाद झाली.

इथे सरांनी फळ्यावर मोठ्या आकड्यात ४४९ लिहिलं. "आपल्या शाळेचा पट किती?" आम्ही म्हणालो, अकराशेच्या वर. "म्हणजे एका मोठ्या शहरात आपल्या अर्ध्या शाळेइतकीसुद्धा माणसं उरली नव्हती." तो आकडा त्यांनी दिवसभर पुसू दिला नाही. पुढच्या तासाला इतिहासाच्या बाई आल्या, त्यांनीही तो तसाच ठेवून बाजूला लिहिलं.

जळलेल्या गावात गेरिके परत आला. आल्यावर त्याने काय केलं असेल? गाव मोजलं. रस्ते, तट, पडकी घरं, सगळं मोजून नकाशा काढला, कारण गाव पुन्हा उभं करायचं तर कुठे काय होतं ते आधी माहीत हवं. हे सांगताना सरांनी टेबलावरची मीटरपट्टी उचलली आणि काही न बोलता परत ठेवली. १६४६ मध्ये तो गावाच्या चार नगराध्यक्षांपैकी एक झाला आणि १६७८ पर्यंत त्या पदावर राहिला. ('महापौर' हा शब्द सावरकरांनी दिला, असं आम्हाला मराठीच्या बाईंनी सांगितलं होतं. वर्गातल्या एकाने विचारलं, मग गेरिकेला महापौर म्हणायचं की नगराध्यक्ष? सर म्हणाले, गावाचं पाणी आणि रस्ते ज्याच्या गळ्यात, त्याला काहीही म्हण.)

या नगराध्यक्षाचं अर्धं आयुष्य प्रवासात गेलं. गाव कर्जात बुडालेलं, डोक्यावर परक्या फौजेचं ठाणं. गावाचं म्हणणं होतं की आम्हाला मधला कुणी मालक नको, आम्ही थेट सम्राटाच्या छत्राखालचं स्वतंत्र शहर आहोत. हे गाऱ्हाणं घेऊन तो ड्रेसडेनला गेला, ओस्नाब्रुकला शांतता-वाटाघाटींना गेला, न्यूरेम्बर्गला गेला, व्हिएन्ना आणि प्राग इथे दरबारात खेटे घातले. महिनोन्‌महिने मुक्काम. आणि अशा माणसाच्या डोक्यात एक वेगळाच प्रश्न घर करून बसला होता: जिथे काहीच नाही अशी जागा असू शकते का?

त्या काळचे विद्वान सांगत, निसर्गाला पोकळी खपत नाही. ॲरिस्टॉटलपासून ते चालत आलेलं. गेरिके वाद घालत बसला नाही. त्याने एक लाकडी पिंप घेतलं, पाण्याने भरलं, तळाशी पितळेचा पंप बसवला आणि पाणी ओढून काढायला लावलं. पाणी निघून गेलं की मागे पोकळी उरेल, असा हिशेब. पण लाकडाच्या फटींतून हवा शीळ घालत आत शिरली. मग त्याने लहान पिंप मोठ्या पिंपात बुडवलं. आता फटींतून बाहेरचं पाणी आत झिरपलं. मग तांब्याचा गोळा केला आणि त्यातून सरळ हवाच ओढायला सुरुवात केली. बराच वेळ पंप मारल्यावर गोळा धाडकन आवाज करून चुरगळला, जवळ उभी असलेली माणसं घाबरून मागे सरली. गोळा नीट गोल नव्हता, एका जागी चपटा होता, तिथूनच तो बसला. गेरिकेने पुन्हा गोळा करवून घेतला, आता अगदी गोल. तो टिकला. तोटी उघडली तेव्हा बाहेरची हवा जोराने आत घुसली.

हे सगळं सरांनी आम्हाला पिंप, गोळा, शीळ यांचे आवाज काढून सांगितलं. गेरिकेचे तीन प्रयोग फसले, हे त्यांनी आवर्जून सांगितलं, आणि फसण्याचं कारण दर वेळी आमच्याकडून काढून घेतलं.

आता आमच्या शाळेतली पोकळी. गेरिकेने आपल्या चार मजली घराला लागून पितळी नळ्यांचा उंच पाण्याचा वायुदाबमापक उभा केला होता. वरच्या टोकाला काचेची नळी आणि तीत पाण्यावर तरंगणारा लाकडी बाहुला. हवा चांगली असली की बाहुला वर यायचा, वादळ येणार असलं की खाली जायचा. १६६० च्या डिसेंबरात बाहुला फार खाली गेला, तेव्हा गेरिकेने मोठ्या वादळाचा अंदाज सांगितला आणि तो खरा ठरला. हे ऐकल्यावर आम्ही सरांच्या मागेच लागलो. सर म्हणाले, आपण करू.

दिवाळीच्या सुट्टीनंतरची गोष्ट. शाळेची मुख्य इमारत एकमजली, वर गच्ची, गच्चीवर पाण्याची टाकी. टाकीच्या वरच्या कडेपर्यंत चौतीस फूट भरले, सरांनी आमच्याकडून दोरी सोडून मोजून घेतले. सरांनी बाजारातून पारदर्शक प्लास्टिकची नळी आणली. ती पाण्याने पूर्ण भरायची, वरचं तोंड बुचाने घट्ट बंद करायचं, खालचं तोंड बादलीतल्या पाण्यात बुडवून ठेवायचं आणि दोरीने वर खेचायचं. आम्ही चौघं टाकीवर, बाकीचा वर्ग खाली अंगणात. नळी वर गेली, आणि वरचा फूट-दोन फूट भाग आमच्या डोळ्यांदेखत चपटा झाला. कुणीतरी बोटांनी दाबावा तसा. खालून सरांचा आवाज आला, "गेरिकेचा गोळा!" ते मनापासून खूश झाले होते. हातात काही नसताना हवेने नळी दाबली, हे आम्ही पाहिलं होतं.

पुढच्या आठवड्यात सरांनी कुठूनशी जाड भिंतीची नळी मिळवली. मला वाटतं पदरचे पैसे घातले, कारण प्रयोगशाळेच्या रजिस्टरात तिची नोंद नव्हती. या वेळी नळी तशीच राहिली, आणि पाणी वर येता येता थांबलं. आम्ही बूच आणखी वर खेचलं, पाणी तिथेच. वरच्या रिकाम्या भागात हवा नव्हती. पाण्यातून बारीक बुडबुडे निघून वर जात होते. एकाने टेप धरली, दुसऱ्याने वाचली: तीस फूट आणि दोन-तीन इंच.

बादलीतल्या पाण्यावरचा हवेचा दाब नळीतलं पाणी जेवढं वर तोलून धरतो, ती उंची पुस्तकात १०.३ मीटर होती, म्हणजे जवळपास ३४ फूट. आमचे चार फूट कमी. आम्हाला वाटलं प्रयोग चुकला. सरांनी सगळ्यांना अंगणात खाली बसवलं आणि विचारलं, पुस्तकातला आकडा कुठला आहे? समुद्रसपाटीचा. आपलं गाव कुठे आहे? स्टेशनवरच्या पिवळ्या पाटीवर लिहिलंय, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास. म्हणजे आपल्या डोक्यावर हवा कमी. त्याने दोन फूट गेले. उरलेले? वरच्या रिकाम्या जागेत पाण्याची वाफ जमते, तीही खाली दाबते. त्याचा एक-दीड फूट. थोडं बुडबुड्यांतल्या हवेमुळे. चार फुटांचा हिशेब जमला. मला आजही वाटतं की मी इंजिनिअर झालो तो त्या अंगणात, पुढे कॉलेजने फक्त कागद दिला.

सरांनी घोड्यांच्या चित्राबद्दल एक गोष्ट विचारली होती, ती आजच्या मुलांनाही विचारावी. दोन्हीकडे आठ-आठ घोडे, एकूण सोळा. समजा एका बाजूचे आठ घोडे सोडून तो दोर झाडाला बांधला तर ओढ कमी होईल का? आम्ही सगळे म्हणालो, निम्मी होईल. सरांनी दोन विद्यार्थी आणि एक दोर घेऊन, मग एकाला बाजूला काढून तोच दोर मैदानातल्या कडुनिंबाला बांधून दाखवलं: झाडही तेवढ्याच जोराने उलट ओढतं. ओढ तेवढीच राहते. मग गेरिकेने आठ घोडे जास्तीचे का आणले? सर म्हणाले, "लोकांना दिसायला हवं म्हणून. तो नगराध्यक्ष होता ना. गाव जमवायचं त्याला माहीत होतं."

हे वाक्य तेव्हा मी ऐकून सोडून दिलं. पुढे चाळीस वर्षांनी ते माझ्या कामी आलं.

दहावी १९८१ ला झाली. मग डिप्लोमा, पदवी आणि पिंपरी-चिंचवडमधल्या एका कारखान्यात नोकरी. तिथे काय बनायचं? व्हॅक्यूम पंप. ट्रान्सफॉर्मरचं तेल वाळवायला, औषधं सुकवायला, दुधाची पावडर करायला पोकळी लागते, आणि ती करणारी यंत्रं आम्ही जुळवायचो. पहिला पंप चाचणीला लावला तेव्हा काटा शून्याकडे सरकताना मला पत्र्याच्या खोलीतला पाऊस ऐकू आला, हे मी अतिशयोक्ती म्हणून लिहीत नाही.

२००६ मध्ये कंपनीने हानोवरच्या औद्योगिक प्रदर्शनाला पाठवलं. रविवार मोकळा होता. आगगाडी पकडून मॅग्डेबर्गला गेलो, तासा-दीड तासाचं अंतर आहे. एल्बे नदीच्या काठी लुकासक्लाउझे नावाचा जुना बुरूज आहे, त्यात गेरिकेचं संग्रहालय. गावात त्याचा १९०७ मध्ये बसवलेला पुतळा आहे, तिथल्या विद्यापीठाला त्याचं नाव आहे. मूळचे अर्धगोल मात्र तिथे नाहीत, ते म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये आहेत. जुन्या नगरभवनामागे सेंट जॉन चर्च आहे. ते १६३१ मध्ये जळलं, पुन्हा बांधलं. १६ जानेवारी १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात शहर पुन्हा बेचिराख झालं, चर्चही गेलं, तेही पुन्हा बांधलं. मी त्या चौकात बराच वेळ उभा होतो. ४४९ हा आकडा आमच्या फळ्यावर होता तसाच डोळ्यांसमोर येत राहिला.

तिथेच मला कळलं की आम्हाला शाळेत सांगितलेली एक गोष्ट चुकीची होती. सरांनी, आणि आमच्या पुस्तकानेही, सांगितलं होतं की १६५४ मध्ये रेगेन्सबुर्गला सम्राट तिसरा फर्डिनांड याच्यासमोर गेरिकेने घोडे लावून अर्धगोल ओढले. रेगेन्सबुर्गला तो गेला होता हे खरं, पण गावाचं गाऱ्हाणं घेऊन. साम्राज्याची सभा भरली होती. तिथे त्याने पंप आणि पोकळीचे काही प्रयोग दाखवले, आणि माइन्त्सच्या आर्चबिशपने, जो व्युर्त्सबुर्गचाही बिशप होता, ती यंत्रं विकत घेतली. घोड्यांचा प्रयोग नंतरचा आहे: १६५७ मध्ये, मॅग्डेबर्गलाच, आपल्या गावच्या लोकांसमोर. पुढे १६६३ मध्ये त्याने तो बर्लिनला ब्रांडेनबुर्ग संस्थानाच्या इलेक्टरसमोरही (सम्राट निवडण्याचा हक्क असलेल्या अधिपतीसमोर) करून दाखवला.

मला हा फरक फार मोठा वाटला. सम्राटासमोरची करामत वेगळी. आपल्याच गावातल्या, जळून पुन्हा बांधलेल्या घरांतून आलेल्या माणसांसमोर सोळा घोडे लावणं वेगळं.

यंत्रं विकली गेली त्यातूनही पुढे बरंच घडलं. व्युर्त्सबुर्गच्या कास्पर शॉट नावाच्या जेझुइट पंडिताने १६५७ मध्ये त्यांची माहिती छापली. ती इंग्लंडमध्ये रॉबर्ट बॉइलच्या वाचनात आली. त्याने रॉबर्ट हुककडून आणखी चांगला पंप करवून घेतला, आणि त्यातून बॉइलचा नियम आला, तोच जो आपण नववीत पाठ केला. गेरिकेने स्वतःचा ग्रंथ १६६३ मध्ये लिहून पुरा केला, तो १६७२ मध्ये ॲमस्टरडॅमला छापला गेला. नगराध्यक्षाला मध्ये वेळ कुठून मिळणार?

परत आल्यावर मी सरांना सविस्तर पत्र लिहिलं. त्यांच्या हयातभराच्या आवडत्या गोष्टीतली चूक काढतोय, म्हणून हात जरा अडखळत होता. आठ दिवसांत उत्तर आलं. ते आंतरदेशीय पत्र माझ्याकडे आहे. त्यात सरांनी लिहिलं होतं की हे वाचून त्यांना फार आनंद झाला, रेगेन्सबुर्ग त्यांनी जवळजवळ तीस तुकड्यांना शिकवलं, आणि आता ते स्वतः सगळ्यांपर्यंत पोचू शकणार नाहीत. 'तुझ्या-माझ्या ओळखीचे जेवढे भेटतील तेवढ्यांना दुरुस्त करून सांग. चूक माझी होती हेही सांग.' सर २०११ मध्ये गेले. मी भेटेल त्याला सांगत आलो, पण तीस तुकड्या कशा गाठणार? म्हणून ही स्मरणिका. आपल्यापैकी ज्यांनी ज्यांनी सरांकडून तो धडा ऐकला आहे, त्यांनी कृपा करून १६५४ च्या जागी १६५७ आणि रेगेन्सबुर्गच्या जागी मॅग्डेबर्ग असं समजावं.

आता शेवटचं. निवृत्तीनंतर मी गावी परत आलो. २०१६ च्या निवडणुकीत शेजाऱ्यांनी उभं केलं, निवडून आलो आणि पाणीपुरवठा समितीचं काम माझ्याकडे आलं. पहिल्याच पावसाळ्यात आमच्या प्रभागातल्या दोन गल्ल्यांमध्ये जुलाब-उलट्यांची साथ आली. टाकीवरचं पाणी तपासलं, चांगलं. क्लोरीन होतं. तेच पाणी घरात येईपर्यंत खराब होत होतं. लोक म्हणत पाइपलाइन फुटलीय. व्हॉल्व्हमन म्हणत होता, फुटली असती तर पाणी वर आलं असतं, रस्ता कोरडा आहे.

ते ऐकलं आणि मला टाकीवरची चपटी झालेली नळी आठवली. पाणी चौथ्या दिवशी, पाऊण तास. प्रत्येक घराने नळाला थेट मोटार जोडलेली. वीस-पंचवीस मोटारी एका वेळी ओढायला लागल्या की लाइनमध्ये जेवढं पाणी येतंय त्याहून जास्त मागणी होते, आणि आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो. मग सांध्यातल्या बारीक फटीतून पाणी बाहेर येत नाही, बाहेरचं आत जातं. आणि ती लाइन गटाराच्या कडेने गेलेली. गेरिकेच्या दुसऱ्या पिंपासारखंच, फक्त इथे बाहेर गटार होतं.

सभेत मी हे दोनदा सांगितलं. ठरावही झाला, नोटिसाही निघाल्या, एकही मोटार निघाली नाही. लोकांना वाटलं, नगरपरिषदेला पाणी वाढवता येत नाही म्हणून मोटारींवर खापर फोडतात. त्यांचा राग मला चुकीचा वाटला नाही. पाणी कमी येत होतं, हे खरंच होतं.

तेव्हा सरांचं ते वाक्य आठवलं. लोकांना दिसायला हवं. एका संध्याकाळी मारुतीच्या पारासमोर मी टेबल मांडलं. उंचावर पाण्याचं पिंप, त्यातून जाड पारदर्शक नळी, नळीला मध्ये सुईने पाडलेलं एक भोक, आणि तो भाग नीळ कालवलेल्या पाण्याच्या घमेल्यात बुडवलेला. नळीच्या टोकाला काचेची बरणी. पहिल्यांदा पिंपाची तोटी पूर्ण उघडली. भोकातून स्वच्छ पाणी घमेल्यात जात होतं, बरणीत स्वच्छ पाणी पडत होतं. मग तोटी थोडी बंद केली, चौथ्या दिवशीच्या आपल्या पाण्यासारखी, आणि टोकाला घरगुती मोटार लावून बटण दाबलं. नळीत निळी रेघ उमटली. बरणी निळी झाली.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पुढे उभ्या असलेल्या एक आजी वाकून बरणीजवळ आल्या, बोट बुडवून बघितलं आणि म्हणाल्या, "म्हणजे हे आम्हीच ओढून घेतो?" मी हो म्हणालो. त्यांनी मला तोच प्रयोग मोटार न लावता पुन्हा करायला लावला. मग पुन्हा मोटार लावून. मी त्या संध्याकाळी तो सात-आठ वेळा केला. पुढच्या दिवसांत त्या दोन गल्ल्यांतल्या बायकांनी एकमेकींच्या घरी जाऊन मोटारी सोडवल्या, खाली जमिनीलगत टाक्या बसवून त्यात पाणी पडू द्यायचं आणि मग तिथून मोटारीने वर चढवायचं, असं ठरवलं. नगरपरिषदेने गटाराकडेची लाइन बदलायचं काम धरलं. त्या पावसाळ्यात तिथे साथ पुन्हा आली नाही.

सगळ्या गावाचं झालं, असं मात्र मी लिहू शकत नाही. इतर प्रभागांत मी टेबल घेऊन फिरलो, काही ठिकाणी ऐकलं, काही ठिकाणी नाही. चोवीस तास दाबाने पाणी देण्याची योजना, जी खरं तर या दुखण्यावरचा खरा उपाय आहे, माझ्या मुदतीत कागदावरच राहिली. याची मला खंत आहे. गेरिकेचंही तसंच झालं होतं, आणि सरांनी आम्हाला तेही लपवून ठेवलं नव्हतं. ज्या स्वातंत्र्यासाठी त्याने इतकी वर्षं दरबार पालथे घातले, ते त्याच्या गावाला मिळालं नाही. १६६६ मध्ये मॅग्डेबर्गला ब्रांडेनबुर्गची फौज गावात घ्यावी लागली. त्याच वर्षी सम्राटाने गेरिकेला सरदारकी दिली, नावात 'फॉन' आला, पण गाव गेलं. १६७६ मध्ये त्याने पदातून मोकळीक मागितली, ती दोन वर्षांनी मिळाली. १६८१ मध्ये प्लेगच्या भीतीने तो मुलाकडे हॅम्बुर्गला गेला आणि १६८६ मध्ये तिथेच वारला.

मध्यंतरी वाचलं की मेक्सिकोत भौतिकशास्त्र शिकलेल्या क्लॉडिया शाइनबाउम आधी मेक्सिको शहराच्या प्रमुख झाल्या आणि २०२४ मध्ये देशाच्या राष्ट्राध्यक्ष. सर असते तर त्यांनी ती बातमी कापून फळ्याच्या कोपऱ्यात चिकटवली असती आणि विचारलं असतं, यांनी आधी काय मोजलं होतं?

शाळेसाठी मी एक छोटीशी वस्तू करून आणली आहे. माझ्या जुन्या कारखान्यातल्या मित्रांनी २० सेंटिमीटर व्यासाचे दोन लोखंडी अर्धगोल घडवून दिले, कडेला रबरी चकती आणि एक तोटी. सोबत हाताने चालवायचा पंप. आपल्या गावच्या हवेत ते सोडवायला साधारण तीनशे किलोंची ओढ लागेल, असा हिशेब निघतो. महोत्सवाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता मैदानावर ते जोडायचे आहेत. एका बाजूचा दोर त्याच कडुनिंबाला बांधू. दुसऱ्या बाजूला दहावीच्या मुली आणि मुलं. किती जण लागतील, ते आधी वहीत लिहून आणा. मीटरपट्टी आणि टेप मी आणतो.

– दहावी १९८१ च्या तुकडीतला एक माजी विद्यार्थी